ग्रॅहॅम क्लेटर

विल्यम ग्रॅहॅम क्लेटर, ज्युनियर (१४ मार्च, इ.स. १९१२ – १४ मे, इ.स. १९९४) हे अमेरिकन वकील, नौदल अधिकारी आणि रेल्वे प्रशासक होते. सदर्न रेल्वे या खाजगी कंपनीचे अध्यक्ष, अमेरिकेचे नौदल सचिव आणि अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे महामंडळाचे प्रमुख ही पदे त्यांनी भूषविली. जतन केलेली वाफेची इंजिने मुख्य लोहमार्गावर पुन्हा धावती करण्यात त्यांचा आणि त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट यांचा मोठा वाटा होता. (या सदर्न रेल्वेचा भारतातील दक्षिण रेल्वेशी संबंध नाही.)

प्रारंभिक जीवन आणि युद्धकाळ

क्लेटर यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक येथे झाला. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे मुख्यालय याच गावात होते आणि ती आपली वाफेची इंजिने तेथील कारखान्यातच बांधत असे. हार्वर्डमधून १९३६ साली कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यायाधीश लर्नेड हँड व लुई ब्रँडाइस यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये वकिली केली.

दुसऱ्या महायुद्धात ते सेसिल जे. डॉइल या युद्धनौकेचे कप्तान होते. ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने इंडियानापोलिस ही क्रूझर बुडविली. चार दिवस तिचा शोधही घेतला गेला नाही. समुद्रात माणसे तरंगत असल्याचे कळताच क्लेटर यांनी वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता नौका तिकडे वळविली. पाणबुडीचा धोका असूनही त्यांनी रात्री शोधदिवे लावले. या घटनेतून ३१६ जण वाचले.

सदर्न रेल्वे

१९६३ मध्ये ते सदर्न रेल्वेत विधी विभागाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६७ मध्ये कंपनीचे अध्यक्ष. १९७१ साली अ‍ॅमट्रॅक स्थापन झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी तोट्यातील प्रवासी गाड्या तिच्याकडे सोपविल्या. सदर्नने मात्र वॉशिंग्टन–न्यू ऑर्लिन्स मार्गावरील आपली प्रतिष्ठित गाडी १९७९ पर्यंत स्वतःच चालविली.

सदर्नने १९५३ मध्येच वाफेची इंजिने पूर्णपणे बंद केली होती. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत ती याबाबतीत पहिली होती. त्याच कंपनीने १९६६ पासून वाफेच्या इंजिनांच्या सहलगाड्या सुरू केल्या, हा विरोधाभास म्हणावा लागेल. यातील प्रमुख इंजिन १९११ सालचे ४५०१ हे होते. एका रेल्वेप्रेमीने १९६४ मध्ये ते स्वखर्चाने विकत घेतले होते. क्लेटर यांनी अध्यक्ष या नात्याने या उपक्रमाला बळ दिले आणि प्रसंगी इंजिन स्वतः चालविले.

विलीनीकरण आणि इंजिनांचे भवितव्य

क्लेटर १९७७ मध्ये नौदल सचिव झाले. अमेरिकेत मालगाड्यांचे लोहमार्ग खाजगी कंपन्यांच्या मालकीचे असल्याने कंपनीचे धोरण बदलले की त्या मार्गावर काय धावणार, हेही बदलते. १९८० मध्ये सीएसएक्स हा प्रतिस्पर्धी समूह उभा राहिल्यानंतर सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न यांनी १ जून १९८२ रोजी एकत्र येऊन नॉरफोक सदर्न ही कंपनी स्थापन केली. अशा वेळी उत्पन्न न देणारे उपक्रम साधारणतः आधी बंद पडतात. येथे उलट घडले, कारण नव्या कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्लेटर होते. त्याच वर्षी रोअनोकच्या संग्रहालयातील ६११ हे इंजिन दुरुस्त होऊन धावू लागले. १९८७ मध्ये १२१८ हे इंजिनही धावू लागले. १८ मे १९८६ रोजी ६११ च्या सहलगाडीचे डबे घसरून शंभराहून अधिक प्रवासी जखमी झाले, तरीही उपक्रम चालू राहिला.

ग्रॅहॅम क्लेटर १९८२ ते १९९३ या काळात अ‍ॅमट्रॅकचे प्रमुख होते. महामंडळाचे अनुदान थांबविण्याचा रेगन प्रशासनाचा प्रयत्न त्यांनी काँग्रेसच्या पाठिंब्याने परतवून लावला. रॉबर्ट यांचे १९९३ मध्ये आणि ग्रॅहॅम यांचे मे १९९४ मध्ये निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नॉरफोक सदर्नने वाढता खर्च, विम्याचा भार आणि मालगाड्यांची वर्दळ यांमुळे वाफेच्या सहली बंद केल्या.

त्या वेळी १२१८ ची दुरुस्ती चालू होती. ती पूर्ण झाली नाही व ते आज रोअनोकमध्ये केवळ प्रदर्शनात आहे. ६११ ची मालकी मात्र रोअनोक शहराकडे होती, कंपनीकडे नव्हती. पुढे ती व्हर्जिनियातील परिवहन संग्रहालयाकडे गेली आणि २०१५ मध्ये हे इंजिन पुन्हा चालू झाले. ४५०१ देखील टेनेसीतील संग्रहालय-रेल्वेकडे सुरक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक व नॉरफोक सदर्न यांनी विलीनीकरणाचा करार जाहीर केल्यावर या इंजिनांना मुख्य मार्ग पुन्हा मिळेल का, याविषयी रेल्वेप्रेमींमध्ये तर्कवितर्क सुरू झाले. युनियन पॅसिफिककडे स्वतःची ८४४ आणि ४०१४ ही धावती वाफेची इंजिने आहेत.