चिखलातले बुडबुडे आणि व्होल्टा



टॉर्चच्या सेलवर १.५ व्होल्ट असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. हा शब्द एका वैज्ञानिकाच्या नावावरून आला आहे.

अलेस्सान्द्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो येथे झाला. चार वर्षांचे होईपर्यंत ते बोलत नव्हते, म्हणून घरच्यांना हा मुलगा मंदबुद्धी वाटला. लहानपणीच वडील वारले. काकांना त्यांना वकील करायचे होते, पण त्यांचे मन विजेत रमले. पुढे ते कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले.

१७७६ मध्ये मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत त्यांनी काठीने चिखल ढवळला व वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. ती हवा पेटली. तो मिथेन वायू होता.

१७९१ मध्ये गॅल्व्हानी यांनी सांगितले की बेडकाच्या पायात प्राण्याचीच वीज असते. व्होल्टांनी आधी हे मानले, मग त्यांना शंका आली. वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येते, असे त्यांचे मत झाले. वाद अनेक वर्षे चालला. अखेर जस्त व चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी रास रचून त्यांनी बेडकाशिवाय वीज मिळवली. १८०० साली ही पहिली बॅटरी जगाला कळली. गॅल्व्हानी १७९८ मध्येच वारले होते. पण तेही पूर्ण चुकले नव्हते. शरीरात वीज असते, हे पुढे सिद्ध झाले.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा वारले. १८८१ मध्ये विद्युतदाबाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

चिखल आणि वीज, दोन्ही त्यांच्या हाती होते. पण मिथेन सूक्ष्मजीव बनवतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९११ मध्ये इंग्लंडात पॉटर यांनी साखरेच्या द्रावणातील यीस्टपासून वीज मिळवली. आज सूक्ष्मजीव इंधन घटात असे जीव मिळून काम करतात. काही जीव सांडपाण्यातील घाण फोडून लहान आम्ले बनवतात. जिओबॅक्टरसारखे दुसरे जीव ती खाऊन इलेक्ट्रॉन विद्युतदांडीला देतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात, हीच वीज. एका घटातून १ व्होल्टही मिळत नाही, पण पाणी मात्र स्वच्छ होत जाते.

मुलांनो, उशिरा बोलणाऱ्या या मुलाने चिखलालाही प्रश्न विचारला. तुम्हीही विचारा.