चंद्राखालचे खेडे आणि अंधारातले भिंग

आजोबांचा जुना फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला, की चेहरा ठीक आणि कडेची काठी मात्र पुसट, असे पुष्कळ घरांत दिसते. बोल लावला जातो फोटो काढणाऱ्याला. खरा घोटाळा अनेकदा अंधाऱ्या खोलीत, एन्लार्जरच्या भिंगात झालेला असतो. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराचे निम्मे आयुष्य याच खोलीत गेले.

जन्म १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. चार वर्षांचा असताना भूकंपात भिंतीवर आपटून नाक मोडले, ते कायमचे वाकडे राहिले. शाळेत मन रमले नाही. पियानोत मात्र रमले. १९१६ मध्ये योसेमिटीच्या दरीत हाती साधा बॉक्स कॅमेरा आला आणि पुढे तिशीच्या उंबरठ्यावर पियानो मागे पडला. संगीत तरी कुठे सुटले? निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट ही मैफल, असेच ते मानत.

१ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना चर्चच्या स्मशानातले पांढरे क्रूस मावळतीच्या उन्हात चमकताना दिसले, वर चंद्र. घाईघाईने आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना! चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता, त्यावरून हिशेब बांधून एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले.

म्हणजे निगेटिव्ह एकच, आणि तीही अवघड. खालचा भाग इतका पातळ, की १९४८ मध्ये रसायनाने तो गडद करावा लागला.

एडवर्ड वेस्टन हे त्यांचे मित्र मोठी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा प्रिंट काढत. भिंगाची कटकटच नको. ॲडम्सना मात्र मोठे प्रिंट हवे होते. आठ बाय दहाच्या निगेटिव्हचा कर्ण सुमारे तेरा इंच, तेव्हा भिंगाचे नाभीय अंतरही साधारण तेवढेच, म्हणजे ३०० ते ३६० मिलिमीटर लागते. छोट्या फिल्मचे ५० मिलिमीटरचे भिंग लावले तर मध्यभाग उजळेल आणि कोपरे काळे पडतील. बरे, कॅमेऱ्याचेच भिंग लावावे, तर ते सहसा दूरच्या डोंगरांसाठी घडवलेले. इथे सपाट फिल्मवरचे चित्र काही फुटांवरच्या सपाट कागदावर पाडायचे असते. कडा नेमक्या तिथे दगा देतात. म्हणून एन्लार्जिंगचे भिंग वेगळे. तेही पूर्ण उघडे न ठेवता दोनेक घरे मिटायचे. फार मिटले तर पुन्हा चित्र मऊ पडते. काही भिंगांत मिटताना फोकसही सरकतो, तेव्हा तो मिटल्यावर पुन्हा तपासायचा. निगेटिव्ह, भिंग आणि कागद समांतर नसतील, तर महागडे भिंगही फुकट!

ॲडम्स यांचा एन्लार्जर आडवा होता. जुन्या कॅमेऱ्यातून बनवलेला, रुळांवर सरकणारा. मागच्या दिव्यांना स्वतंत्र बटणे. त्या एका निगेटिव्हचे त्यांनी तेराशेहून अधिक प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटांतले ढगाळ, करडे आकाश पुढे जवळजवळ काळे झाले.

२२ एप्रिल १९८४ रोजी ते गेले. गंमत अशी, की एवढ्या काटेकोर माणसाने या फोटोची तारीखच टिपली नव्हती. निरनिराळी वर्षे सांगितली जात. शेवटी खगोल अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या स्थानावरून गणित मांडले आणि १९९१ मध्ये ती संध्याकाळ नक्की झाली.