तीन तासांचा कामाचा दिवस

चार्ल्स डार्विन म्हटले की 'बीगल' जहाजावरून पाच वर्षे जग फिरलेला धडधाकट तरुण डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात १८३६ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि थोड्याच वर्षांत त्यांची तब्येत ढासळली. उलट्या, पोटात वायू, छातीत धडधड, चक्कर आणि कमालीचा थकवा. अनेक डॉक्टर झाले, माल्व्हर्नला थंड पाण्याचे उपचार झाले, पण निश्चित निदान झाले नाही. हे दुखणे जवळजवळ आयुष्यभर सोबत राहिले.

१८४२ मध्ये ते केंटमधील डाऊन या खेड्यात राहायला गेले. तिथे त्यांनी दिवस अंगाला झेपेल असा आखला. थोडे फिरून पावणेआठला न्याहारी. आठ ते साडेनऊ काम. मग तासभर पत्रे आणि वाचन ऐकणे. साडेदहा ते बारा पुन्हा काम. एवढे झाले की मुख्य काम संपले. दुपारी बागेतल्या वाटेवर ठरावीक फेऱ्या. मोजण्यात डोके अडकू नये म्हणून वाटेच्या कडेला गारगोट्या रचलेल्या असत. एक फेरी झाली की एक गारगोटी बाजूला.

वेळ कमी, म्हणून शोधाशोध परवडत नसे. वाचलेल्या पुस्तकाच्या शेवटी ते उपयोगी मजकुराची पृष्ठवार यादी करत. तीस-चाळीस मोठ्या फायली विषयवार फळ्यांवर लावलेल्या असत. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती लगेच टिपून ठेवायची, असा त्यांचा नियम होता. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मन लवकर विसरते, हे त्यांनी ओळखले होते.

१८४९ ते १८५५ या काळात त्यांनी प्रकृतीची रोजनिशी ठेवली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, हे दोन-चार शब्दांत. चांगल्या दिवसांवर खूण करून महिनाअखेरीस त्यांची बेरीज. लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली, तेव्हा तिच्या प्रकृतीच्याही नोंदी झाल्या. तरीही एप्रिल १८५१ मध्ये, अवघ्या दहाव्या वर्षी, ती गेली. नोंदवहीने आजार कळतो, तो बरा होतोच असे नाही.

ही घडी एकट्याच्या बळावर बसलेली नव्हती. पत्नी एमा आणि घरातील नोकरमाणसे यांनी ती सांभाळली. याच रोजच्या तीन तासांतून आठ वर्षांचा बार्नॅकल्सचा अभ्यास, १८५९ मधील उत्क्रांतीवरील ग्रंथ आणि १८८१ मधील गांडुळांवरचे पुस्तक आले. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेले.

दीर्घ आजार असलेल्या माणसाने दिवसभराच्या कामांची लांबलचक यादी करण्याआधी आपल्या अंगात ताकद केव्हा असते, हे आठवडाभर लिहून पाहावे. मग महत्त्वाचे काम त्या वेळेत ठेवावे आणि वेळ संपली की थांबावे. डार्विन थांबत असत, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा काम सुरू करू शकत.