कॉख यांचे फसलेले औषध

धारोष्ण दूध अंगी लागते, ही समजूत निडीपासून पेण-रोह्यापर्यंत आजही ऐकू येते. त्या दुधातून क्षयरोगाचा मोठा धोका असतो, हे मात्र एका थोर शास्त्रज्ञालाही पटले नव्हते.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म १८४३ साली जर्मनीतील क्लाउस्टाल येथे झाला. लहान गावात डॉक्टरकी करतानाच, १८७६ मध्ये, त्यांनी जनावरांच्या काळपुळी रोगाचे कारण जिवाणू असल्याचे सिद्ध केले. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला. तोच आजचा जागतिक क्षयरोग दिन. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही आले होते. १९०५ साली त्यांना नोबेल मिळाले.

पण त्यांच्या हातून दोन चुका झाल्या. १८९० मध्ये त्यांनी क्षयावरचे औषध म्हणून ट्यूबरक्युलिन आणले. रुग्ण बरे झाले नाहीत, काही दगावले. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे सांगितले. ब्रिटनने लगेच चौकशी आयोग नेमला. दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर, १९११ मध्ये, आयोगाने निष्कर्ष दिला: बाधित गाईच्या दुधातून माणसाला, विशेषतः मुलांना, क्षय होतो. तोपर्यंत कॉख यांचे निधन झाले होते.

गंमत अशी, की फसलेले ट्यूबरक्युलिन गुरांचा क्षय ओळखायला उपयोगी ठरले. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी त्याच्या चाचणीने बाधित गुरे वेगळी केली. अमेरिकेने १९१७ पासून देशभर चाचणी करून, शेतकऱ्याला भरपाई देऊन, बाधित गुरे काढून टाकली.

आपल्याकडे हा मार्ग कायद्याने आणि शेतकऱ्याच्या परिस्थितीने अवघड आहे. २०१९ चा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमही लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी सुरू झाला. म्हणून घरची काळजी महत्त्वाची. दूध उकळूनच प्या. गोठ्यातील जनावर खंगत असेल, खोकत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवा. मुलाच्या मानेत गाठी आल्या, तर डॉक्टरांना घरच्या गुरांविषयीही सांगा. कारण गुरांच्या क्षयजिवाणूवर पायराझिनामाइड हे नेहमीचे औषध चालत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत हा जिवाणू वेगळा ओळखू येत नाही.