फेलिक्स देरेल : टोळधाडीपासून जिवाणूभक्षकापर्यंतचा प्रवास

डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या, भाताचा कडा करपा आणि टोमॅटो-वांग्यातील जिवाणूजन्य मर या रोगांवर बुरशीनाशक चालत नाही, कारण हे रोग बुरशीमुळे नव्हे तर जिवाणूंमुळे होतात. त्यामुळे ताम्रयुक्त औषधे आणि प्रतिजैविके यांच्याकडे आपण वळतो. वारंवार फवारणी केली की जिवाणू त्यांनाही दाद देईनासे होतात. अशा वेळी जिवाणूलाच रोग लावणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज किंवा थोडक्यात फाज, हा पर्याय अलीकडे चर्चेत आहे. हा शोध मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. तो लावणाऱ्या फेलिक्स देरेल यांच्या कामाची सुरुवातही शेतीतूनच झाली होती.

पदवी नसलेला संशोधक

देरेल यांचा जन्म 25 एप्रिल 1873 रोजी पॅरिसमध्ये झाला. ते स्वतः आपले जन्मगाव कॅनडातील मॉन्ट्रियल सांगत, पण पुढे सापडलेल्या नोंदी पॅरिसच्या निघाल्या. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याकडे नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र ते पुस्तके वाचून आणि घरच्या प्रयोगशाळेत शिकले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात जिवाणूतज्ज्ञ म्हणून गेले. तिथे जास्तीच्या केळींपासून मद्य तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. नंतर मेक्सिकोच्या युकातान भागात घायपातीचे धागे काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून मद्य बनवण्याची पद्धत त्यांनी बसवली. आजच्या भाषेत सांगायचे तर हे शेतमालावरील प्रक्रिया आणि टाकाऊ मालाचा उपयोग यांचेच काम होते.

टोळांचा जुलाब

1910 च्या सुमारास युकातानमध्ये टोळधाड आली. काही टोळ काळपट पातळ विष्ठा टाकून मरत असल्याचे देरेल यांनी पाहिले. त्या विष्ठेतून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला, प्रयोगशाळेत वाढवला आणि टोळांच्या वाटेवरील पिकावर तो फवारून पाहिला. रासायनिक कीडनाशकांचा सुकाळ होण्याच्या कितीतरी आधी केलेला हा जैविक कीड नियंत्रणाचा प्रयत्न होता.

पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बिनपगारी सहायक म्हणून लागले. टोळांच्या कामासाठी अर्जेंटिना आणि ट्युनिशिया या देशांतही गेले. काही ठिकाणी उपाय लागू पडला, काही ठिकाणी फसला, आणि त्यावरून वादही झाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेत भरली होती. टोळांच्या जिवाणूची वाढ केलेल्या थरात मधूनच गोल, स्वच्छ डाग पडत. तिथे जिवाणू उरलेच नव्हते.

1917 चा शोध

पहिल्या महायुद्धात पॅरिसजवळ फ्रेंच सैनिकांमध्ये रक्ती आवेची साथ आली. देरेल यांनी रुग्णाची विष्ठा पाण्यात कालवली आणि जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळली. गाळलेले पाणी त्यांनी आवेच्या जिवाणूंनी गढूळ झालेल्या नळीत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळी स्वच्छ झालेली होती. रुग्णही त्याच सुमारास बरा होऊ लागला होता.

सप्टेंबर 1917 मध्ये हे निरीक्षण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले. गाळणीतून निसटणाऱ्या आणि जिवाणू खाणाऱ्या या घटकाला देरेल यांनी बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. असेच निरीक्षण इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये छापले होते. त्याही आधी, 1896 मध्ये, अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असे लिहिले होते. पण हा घटक सजीव विषाणू आहे आणि तो जिवाणूच्या आत वाढतो, हे ठामपणे मांडले ते देरेल यांनी. गाळलेले पाणी पातळ करत जाऊन ते थरावरचे डाग मोजत, कारण एक डाग म्हणजे एका कणाची संतती. फाजची संख्या मोजण्यासाठी प्रयोगशाळा आजही हीच पद्धत वापरतात.

कोंबड्या, म्हशी आणि मुंबई

माणसांच्या आधी त्यांनी फाजचा उपयोग कोंबड्यांवर केला. 1919 मध्ये फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांमध्ये टायफॉइडची साथ होती, तिथे त्यांनी फाज वापरून मरतूक रोखली. त्याच वर्षी पॅरिसच्या बालरुग्णालयात आवेच्या रुग्णाला फाज दिले गेले. देण्याआधी देरेल यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. 1920 मध्ये इंडोचायनात त्यांनी म्हशींच्या घटसर्पावर काम केले.

1926 मध्ये प्लेगवरील कामासाठी त्यांना मुंबईच्या हाफकिन संस्थेत बोलावण्यात आले. 1927 मध्ये पंजाबात पटकीच्या रुग्णांवर प्रयोग झाले. फाज न घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले, तर घेतलेल्यांपैकी दहात एकाहूनही कमी. नंतर आसाममध्येही मोठ्या प्रमाणावर काम चालले.

जिवाणू फुटतो कसा?

जिवाणू फुटतो हे देरेल यांना दिसत होते, पण तो कशाने फुटतो हे कळायला पुढची काही दशके लागली. जिवाणूची पेशी शेणाने सारवलेल्या कणगीसारखी समजा. आत पातळ पटल, मध्ये कणगीची वीण म्हणजे पेशीभित्तिका आणि काही जिवाणूंत बाहेरून सारवण म्हणजे बाह्य पटल. फाज आत शिरून आपली पिल्ले तयार करतो आणि मग बाहेर पडण्यासाठी प्रथिने वापरतो. त्यांचे गट त्यांच्या कामावरून पाडले जातात.

- होलिन : आतल्या पटलाला ठरलेल्या वेळी भोके पाडते. जिवाणू कधी फुटणार हे यावरून ठरते.
- एंडोलायसिन : पेशीभित्तिकेची वीण कापते. ते कोणता सांधा कापते त्यावरून पोटगट पडतात. काही साखरेच्या साखळीतील जोड कापतात, काही साखर आणि प्रथिनाचा तुकडा यांच्यातील, तर काही प्रथिनांच्या तुकड्यांमधील आडवे जोड.
- स्पॅनिन : बाहेरचे पटल असलेल्या जिवाणूंत शेवटचा अडथळा दूर करते.

काही अगदी लहान फाजकडे एकच प्रथिन असते. ते वीण कापत नाही, तर नवी वीण तयार होऊ देत नाही, त्यामुळे वाढताना जिवाणू फुटतो.

ही वर्गवारी आपल्याही कामाची आहे. तेल्या, खैऱ्या, कडा करपा आणि मर यांच्या जिवाणूंना बाहेरचे पटल असते. त्यामुळे नुसते एंडोलायसिन बाहेरून फवारले तर ते सहसा विणीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पिकावर प्रामुख्याने जिवंत फाजच वापरले जाते. ते आत शिरून आतून काम करते.

उतरती कळा आणि अखेर

1928 ते 1933 देरेल अमेरिकेतील येल विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यानंतर जॉर्जियातील तिबिलिसी येथे मित्र जॉर्जी एलियावा यांच्यासोबत त्यांनी फाज संस्था उभारण्याचे काम केले. 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीत एलियावांना मृत्युदंड दिला गेला. देरेल तिथे परत गेले नाहीत. ती संस्था मात्र आजही काम करते.

या काळात फाजची औषधे अनेक कंपन्यांनी बाजारात आणली. कुठे रोगाचा जिवाणू एक आणि बाटलीतला फाज दुसऱ्याच जिवाणूचा, तर कुठे टिकण्यासाठी घातलेल्या रसायनाने फाजच मेलेला. 1934 च्या अमेरिकी वैद्यकीय अहवालाने पुरावा अपुरा ठरवला. पुढे प्रतिजैविके आली आणि पाश्चात्त्य देशांत फाज मागे पडले. 1940 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फाज प्रत्यक्ष दिसले आणि तो विषाणूच आहे हे देरेल यांचे म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये नजरकैदेत होते. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पुरस्कार मिळाला नाही. 22 फेब्रुवारी 1949 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यांसाठी बोध

पिकांवरील वापरही जुनाच आहे. 1935 मध्ये अमेरिकेत मक्याच्या बियाण्यास फाजची प्रक्रिया केल्यावर जिवाणूजन्य मरीचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 1.4 टक्क्यांवर आले होते. 2005 मध्ये तिथे टोमॅटो आणि मिरचीवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी फाजच्या उत्पादनाची नोंदणी झाली. फाजचे उत्पादन समोर आले तर 1930 च्या दशकातल्या चुका आपल्या शेतात होऊ नयेत म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

1. आधी रोगाचे निदान करून घ्या. फाज ठरावीक जिवाणूवरच चालतो, बुरशीवर अजिबात नाही.
2. उत्पादन कोणत्या पिकाच्या कोणत्या जिवाणूसाठी आहे, ते लेबलवर पाहा. केंद्रीय नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नका.
3. कडक ऊन आणि कोरडेपणा यांनी फाज मरतो. फवारणी सायंकाळी करा.
4. ताम्रयुक्त औषधात मिसळून फवारू नका.
5. रोगट फांद्या छाटणे, अवजारे निर्जंतुक करणे, निरोगी रोपे वापरणे ही कामे सोडू नका. फाज त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही.
6. पहिल्या वर्षी थोड्या झाडांवर वापरा, शेजारी न फवारलेली ओळ ठेवा आणि डागी फळे मोजा. कृषी सहायकांनी ही मोजणी लिहून ठेवल्यास इतर गावांनाही तिचा उपयोग होईल.