विश्लेषण : गंमत म्हणून रचलेले शब्द शब्दकोशात कसे गेले?

मुलांच्या गोष्टींसाठी एका गणिताच्या अध्यापकाने मनाने शब्द रचले. तरीही जेमतेम वीस वर्षांत त्यांतल्या एकाची नोंद इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या शब्दकोशात झाली. थट्टेत जन्मलेल्या शब्दांना कोशात जागा द्यावी का, या वादात लुईस कॅरोल यांचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

लुईस कॅरोल कोण होते?

त्यांचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. जन्म २७ जानेवारी १८३२ चा, इंग्लंडमधील डेअर्सबरी या गावचा. वडील धर्मोपदेशक, भावंडे अकरा. चार्ल्स मुलांमध्ये थोरले. बोलताना ते अडखळत, पण घरच्या घरी हस्तलिखित मासिके काढण्याचा नाद लहानपणापासून होता. पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात १८५५ ते १८८१ ते गणित शिकवत होते. ४ जुलै १८६२ रोजी होडीतून जाताना कॉलेजच्या डीनच्या मुलींना त्यांनी एक गोष्ट सांगितली. तीच १८६५ मध्ये ॲलिसची पहिली गोष्ट म्हणून छापली गेली.

शब्द कसे तयार झाले?

‘मिशमॅश’ या घरच्या हस्तलिखितात १८५५ मध्ये त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि तो जुन्या अँग्लो-सॅक्सन काव्याचा तुकडा असल्याचा आव आणला. खाली शब्दांचे अर्थ आणि व्युत्पत्ती दिली, तीही पक्क्या कोशकाराच्या थाटात. सगळी थापच! म्हणजे हे शब्द आपली खोटी कोशनोंद सोबत घेऊनच जन्मले.

त्या चार ओळींवरून पुढे ‘जॅबरवॉकी’ ही कविता झाली. ती १८७१ च्या अखेरीस आलेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकात आहे. त्यातला हम्प्टी डम्प्टी ॲलिसला समजावतो, की दोन कप्प्यांच्या ‘पोर्टमँटो’ बॅगेसारखे एका शब्दात दोन अर्थ भरले आहेत. कवितेतला ‘चॉर्टल’ हा शब्दही असाच, खुदखुदणे आणि नाकाने फुरफुरणे यांच्या मिश्रणातून आलेला मानतात. ब्रंच, स्मॉग, हिंग्लिश अशा जोडशब्दांना भाषाशास्त्रात आजही पोर्टमँटो म्हणतात.

कोशकारांची भूमिका काय होती?

ॲलिसचे वडील, म्हणजे तेच डीन हेन्री लिडेल, स्वतः कोशकार होते. रॉबर्ट स्कॉट यांच्यासह त्यांनी केलेला ग्रीक-इंग्रजी कोश १८४३ मध्ये निघाला. या स्कॉट यांनीच १८७२ मध्ये ‘जॅबरवॉकी’चे जर्मन भाषांतर केले आणि जर्मन कविताच मूळ असल्याची बतावणी केली. कोश करणारी माणसे रुक्ष असतात, या समजाला यापेक्षा चांगला उतारा सापडणे कठीण.

खरी कसोटी होती ती ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात. जेम्स मरे १८७९ मध्ये त्याचे संपादक झाले. शब्द चांगला की वाईट, खानदानी की उपरा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. छापील मजकुरात तो वापरला गेल्याचा पुरावा हवा. ‘चॉर्टल’कडे असा पुरावा होता. वॉल्टर बेझंट आणि जेम्स राइस यांनी १८७६ मध्येच आपल्या कादंबरीत तो वापरला होता. सी अक्षराचा खंड १८९३ मध्ये पूर्ण झाला. हा शब्द लेखकाने बनवलेला आहे, हे न लपवता त्यात त्याची नोंद झाली. ती पाहायला कॅरोल हयात होते.

मग कोणताही शब्द चालतो?

नाही. अर्थ पक्का नसेल तर कोशकार व्याख्या तरी कशी करणार? ‘जॅबरवॉकी’तल्या काही शब्दांचा अर्थ खुद्द कॅरोल यांनाही सांगता येत नव्हता. ‘बर्बल’ आणि ‘बीमिश’ हे तर त्यांच्या आधीच शेकडो वर्षे इंग्रजीत होते. तेव्हा रचणाऱ्याची कीर्ती किंवा हेतू पाहून नोंद ठरवणे फसवे. इतर लोक तो शब्द ओळखीच्या अर्थाने वापरतात का, हा मरे यांचा निकषच अधिक न्याय्य वाटतो.

१४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे न्यूमोनियाने कॅरोल यांचे निधन झाले. कोशाचे काम तेव्हा जी अक्षरापर्यंत आले होते. धबाधबा उड्या मारत ऐटीत चालणे, अशा अर्थाचा त्यांचा ‘गॅलम्फ’ हा शब्द त्यानंतर कोशात छापला गेला.