पावेल चेकॉव्ह अँड सन्स

आंतोन चेकॉव्ह आपल्याला माहीत असतो तो कथाकार आणि नाटककार म्हणून. कॉलेजच्या ड्रामा ग्रुपमधल्या कुणालाही विचारा, 'द चेरी ऑर्चर्ड'चं नाव लगेच येईल. त्याचा फोटोही पाहिलेला असतो. नाकावर अडकवलेला चष्मा, छोटी दाढी, एकदम जंटलमन. पण हा जंटलमन लहानपणी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा, वडिलांचा मार खायचा, शाळेत दोनदा नापास झाला होता आणि सोळाव्या वर्षी वडिलांचं कर्ज निस्तरत गावात मागे राहिला होता. त्याला समजून घ्यायचं तर आधी त्या दुकानाच्या मालकाला भेटायला हवं. त्याचं नाव पावेल येगोरोविच चेकॉव्ह.

आधी मालमत्ता, मग मालक

पावेल १८२५ मध्ये जन्मला तो एका भूदासाच्या घरात. तेव्हाच्या रशियात जमीनदाराच्या मालकीची फक्त जमीन नसायची, तिच्यावर राबणारी माणसंही त्याचीच असायची. त्यांना विकता यायचं, गहाण टाकता यायचं, फटके मारता यायचे. पावेलचे वडील येगोर मात्र भारी जिद्दी. वर्षानुवर्षं पै-पै साठवून १८४१ मध्ये त्यांनी स्वतःचं, बायकोचं आणि मुलांचं स्वातंत्र्य रोख पैसे मोजून विकत घेतलं. भूदासप्रथा कायद्याने बंद व्हायला तेव्हा अजून वीस वर्षं होती. पावेल त्या वेळी सोळाच्या आसपास होता. म्हणजे आपण अकरावीत असतो त्या वयापर्यंत तो कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होता.

पुढे पावेल तागानरोगला आला. अझोव्ह समुद्राकाठचं हे छोटं बंदर. इथून गहू परदेशी जायचा आणि गावातले बडे व्यापारी बहुतेक ग्रीक. एका व्यापाऱ्याकडे अनेक वर्षं नोकरी करून पावेलने पैसे साठवले, १८५४ मध्ये कापड व्यापाऱ्याच्या मुलीशी, येवगेनियाशी लग्न केलं आणि १८५७ मध्ये स्वतःचं दुकान टाकलं. भूदासाचा मुलगा 'व्यापारी' झाला! त्याच्यासाठी ही पदवी एखाद्या डिग्रीपेक्षा कमी नव्हती.

दुकानात सगळं मिळेल

दुकानात चहा, साखर, कॉफी, साबण, तेल, मासे, औषधं आणि दारूसुद्धा मिळायची. सकाळी लवकर उघडलेलं दुकान रात्री उशिरापर्यंत चालायचं. लोक सामान घ्यायला यायचे आणि प्यायला, गप्पा ठोकायला तिथेच बसायचे.

अलेक्झांडर, निकोलाय, आंतोन, इवान, मारिया आणि मिखाईल अशी सहा मुलं. आंतोन तिसरा, जन्म जानेवारी १८६०. मोठ्या मुलांना आलटूनपालटून गल्ल्यावर बसावं लागायचं. शाळेचा अभ्यास तिथेच. कडाक्याच्या थंडीत दौतीतली शाई गोठायची, असं अलेक्झांडरने पुढे लिहून ठेवलं. त्याचाच आणखी एक किस्सा भन्नाट आहे. दुकानातल्या तेलाच्या पिंपात एकदा उंदीर बुडून मेला. पावेल अतिशय धार्मिक. त्याने तेल फेकून दिलं नाही. पाद्रीला बोलावलं, प्रार्थना करवून तेल 'शुद्ध' केलं आणि परत विकायला ठेवलं. झालं! गावभर बातमी पसरली आणि गिऱ्हाईक तुटलं. अलेक्झांडर जरा तिखटमीठ लावून लिहितो, असं धाकट्या भावंडांचं म्हणणं होतं. पण पावेलचा स्वभाव कळायला हा किस्सा पुरेसा आहे.

त्याच स्वभावातून चर्चचा गायकवृंद आला. पावेलने तो स्वतः उभा केला आणि आपल्या मुलांना त्यात उभं केलं. रात्री उशिरापर्यंत तालीम, भल्या पहाटे चर्च, मग शाळा, मग दुकान. चुकलं की मार. मार तर रोजचाच. येगोरने पावेलला मारलं होतं, पावेल आपल्या मुलांना मारत होता. मुलं अशीच घडतात, यावर त्याचा मनापासून विश्वास होता.

आणि तरीही हा माणूस नुसता व्हिलन नव्हता. तो स्वतः व्हायोलिन शिकला होता, देवांची चित्रं काढायचा. ग्रीक व्यापाऱ्यांकडे नोकरी लागेल या आशेने त्याने आंतोनला आधी ग्रीक शाळेत घातलं. तिथे भाषाच कळेना, तेव्हा काढून गावातल्या हायस्कूलला टाकलं. घरात पैसा कमी होता, पण मुलं शिकली पाहिजेत यावर तो ठाम होता.

दिवाळं

१८६९ मध्ये तागानरोगला रेल्वे आली. गावाचं भलं होईल असं वाटलं होतं, घडलं उलटंच. रेल्वे पुढे रोस्तोव्हला गेली आणि गव्हाचा व्यापारही हळूहळू तिकडे वळला. इथलं बंदर उथळ, मोठी जहाजं काठाला लागायची नाहीत. धान्याच्या गाड्या कमी झाल्या, तशी दुकानातली गर्दीही कमी झाली. नेमकं याच काळात, १८७४ मध्ये, पावेलने कर्ज काढून घर बांधलं. हप्ते थकले. कर्ज बुडवणाऱ्याला तेव्हा तुरुंगात टाकत. १८७६ च्या एप्रिलमध्ये पावेल कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून गावाबाहेरच्या स्टेशनवरून गाडी पकडून मॉस्कोला पळाला. थोरली दोन मुलं तिथे आधीपासून शिकत होती. काही महिन्यांनी आईही धाकट्यांना घेऊन गेली. घर गेलं ते घरातच भाड्याने राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या घशात.

आंतोन मागे राहिला, कारण शाळा संपायची होती. इवान काही काळ सोबत होता, मग तोही गेला. आता ज्या घरात आंतोन मालकाचा मुलगा होता, त्याच घरात तो नव्या मालकाच्या भाच्याला शिकवण्याच्या बदल्यात राहू लागला. बाहेरही ट्युशन घ्यायच्या, घरातली उरलीसुरली भांडी आणि सामान विकायचं, चार पैसे मॉस्कोला पाठवायचे. त्याच वर्षी गावात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं होतं, तिथे जाऊन वाचत बसायचं. बाप सोळाव्या वर्षी मोकळा झाला होता. मुलाला त्याच वयात मोकळीक मिळाली ती अशी. डोक्यावर छप्पर दुसऱ्याचं, पण मारणारं कुणी नव्हतं.

मॉस्कोत कुटुंब तळघरातल्या खोलीत राहत होतं. पावेलला बरेच महिने नोकरी नव्हती, तरी त्याने घरात कुणी किती वाजता उठायचं आणि काय काम करायचं याचं टाइमटेबल भिंतीवर लावलं! शेवटी एका गोदामात महिना तीस रुबलची नोकरी मिळाली. दुकानाचा मालक पन्नाशीत पुन्हा नोकर झाला.

घरचा नवा कर्ता

१८७९ मध्ये आंतोन तागानरोगची शिष्यवृत्ती घेऊन मॉस्कोला मेडिकलला आला. सोबत भाडं देणारे दोन वर्गमित्रही आणले. १८८० पासून विनोदी मासिकांत त्याच्या छोट्या गोष्टी छापून येऊ लागल्या. सुरुवातीचा दर ओळीमागे पाच कोपेक. त्या पैशांवर घर चालायचं. कॉलेजात असतानाच तो घरचा कर्ता झाला आणि १८८४ मध्ये डॉक्टरही.

कर्तेपण बापाकडून त्याच्याकडे आलं, हात उगारणं मात्र आलं नाही. १८८९ च्या जानेवारीत त्याने अलेक्झांडरला एक खरमरीत पत्र लिहिलं. अलेक्झांडर घरातल्या बायकांवर ओरडत होता. आपल्या बापाच्या जुलमाने आपलं बालपण कसं नासलं, जेवणाच्या टेबलावर तो आईवर कसा ओरडायचा, हे आठव, असं आंतोनने त्याला सुनावलं. त्याच महिन्यात एका मित्राला त्याने कथेचा विषय सुचवला. भूदासाचा नातू, दुकानात राबलेला, फटके खाल्लेला एक तरुण स्वतःच्या आतला गुलाम हळूहळू हुसकावून लावतो. तो तरुण कोण, हे वेगळं सांगायला नको.

पण त्याने बापाला टाकलं नाही. १८९२ मध्ये मॉस्कोजवळ मेलिखोव्होला जमीन आणि घर घेतलं, तेव्हा पावेलही तिथे राहायला आला. भूदासाचं कुटुंब आता जमीनदार झालं होतं! पावेल बागेतल्या वाटा साफ करायचा आणि रोज डायरीत हवामान, पाहुणे, पिकं नोंदवायचा. दुकानाच्या हिशेबवहीसारखीच. ऑक्टोबर १८९८ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी चेकॉव्हने मेलिखोव्हो विकलं. बाप गेल्यावर तिथलं सगळं विस्कटलं, असं त्याला वाटत होतं.

१९०४ मध्ये, चेकॉव्हच्या मृत्यूच्या काही महिने आधी, 'द चेरी ऑर्चर्ड' रंगमंचावर आलं. त्यातला लोपाखिन भूदासांच्या घरातला आहे. बाप गावात दुकान चालवायचा आणि याला मारायचा. मोठा व्यापारी होऊन तो तीच बाग विकत घेतो, जिथे त्याचे पूर्वज गुलाम होते. तरीही चेकॉव्हने त्याला खलनायक केलेलं नाही. हे नाटक करायला घ्याल तेव्हा लोपाखिनचे संवाद जरा सावकाश वाचा. पावेल आणि आंतोन, दोघंही तिथे सापडतील.